तीन जनावरांचा गोबरगॅस

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका आतल्या गावात ग्रामसेवक होतो. वय पंचवीसच्या आत. घर गुहागरला, नारळी-पोफळीच्या लहानशा वाडीत. वडील गेलेले, आईला दमा आणि लग्नाला वर्ष होतंय तोवर बायकोला दिवस गेलेले. नोकरीच्या गावाहून घरी जायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या आणि अख्खा दिवस मोडायचा. महिन्यातून एकदा जायचो, परत निघताना आई दारात उभी राहायची. त्या वर्षी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. गुहागर तालुक्यात बदली.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं त्याला याहून मोठं कारण नव्हतं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, मला त्यातून काही खायला मिळालं नाही. मला फक्त घरी जायचं होतं.

सरकारनं तेव्हा गोबरगॅसची योजना जोरात काढली होती. जंगल तोडून लाकूड जाळू नका, शेणापासून घरच्या घरी गॅस करा, उरलेली मळी खत म्हणून शेताला घाला. जो संयंत्र बांधेल त्याला अनुदान, आणि लहान शेतकऱ्याला ते जास्त. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. आम्हाला रत्नागिरीला नेऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तिथे मी पहिल्यांदा शेणाच्या गॅसची निळी ज्योत पाहिली आणि खरोखर भारावून गेलो. जमिनीत खोल गोल खड्डा, आतून बांधून काढलेला. त्यात पाण्यात कालवलेलं शेण सोडायचं. वर लोखंडी टाकी पालथी घातलेली. गॅस झाला की टाकी आपोआप वर चढते, गॅस वापरला की खाली बसते. टाकी पाहिली की आत काय आहे ते लांबूनही कळतं.

प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट सांगितली होती. घरगुती लहान संयंत्राला निदान चार-पाच जनावरं लागतात, तीही गोठ्यात बांधलेली. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

देवरूखला तालुक्याच्या पंचायत समितीच्या बैठकीत आम्हा ग्रामसेवकांना उद्दिष्ट वाटून दिलं. माझ्या वाट्याला चार संयंत्रं आली. बैठक संपल्यावर आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, “तुझा बदलीचा अर्ज माझ्याकडे आहे. मार्चअखेर चारच्या चार पेटलेली दाखव. शिफारस मी स्वतः लिहितो.”

तीन झाली. एक गावच्या सरपंचांकडे, दोन खालच्या वाडीतल्या खात्यापित्या घरांत. चौथ्यासाठी मी दारोदार हिंडलो. आमच्या त्या भागात गुरं म्हणजे लहान चणीची, दिवसभर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर चरायला सोडलेली. शेण पडायचं ते तिकडेच, कातळावर. शिवाय घरोघरचे पुरुष मुंबईला. घरी बायका आणि म्हातारी माणसं. एवढा खड्डा खणणार कोण? लोक पाणी द्यायचे, गूळ द्यायचे, आणि “बघू वो सायब, शिमग्याला मालक आले की इचारू” म्हणून वाटेला लावायचे.

वरच्या वाडीतल्या शेवटून तिसऱ्या घरात एक बाई राहायची. चाळिशीची असेल. नवरा मुंबईत छापखान्यात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात तिची धाकटी जाऊ, तिचाही नवरा मुंबईत. मी तिला काकी म्हणायचो. डोळे कायम लालसर, कारण सारा जन्म चुलीच्या धुरात गेलेला. गावात कुठे सभा असली की मागे, खांबाला टेकून ती बसलेली असायची, आणि सगळं संपल्यावर येऊन नेमका प्रश्न विचारायची. गोबरगॅसच्या सभेनंतर तिनं विचारलं, “भाऊ, ह्यात धूर खराच नाय येत?”

“अजिबात नाही, काकी.”

“अजिबात?”

“भांड्याचं बूडसुद्धा काळं होत नाही.”

ती हसली. चौथं घर सापडलं, हे मला तिथेच कळलं.

अडचण एकच होती. तिच्याकडे दोन बैल आणि एक गाय. मी फॉर्म घेऊन तिच्या ओटीवर बसलो होतो. जनावरांची संख्या लिहायच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. समोरच्या गोठ्यात जावेची म्हैस आणि गाय बांधलेली दिसत होती. दोन्ही घरांचे गोठे एकाला एक लागून. मी विचारलं, “ती दोन तुमचीच ना? म्हणजे एका घरातलीच की.”

“नाय वो. वाटण्या होऊन बारा वर्सं झाली. ती जावेची.”

“पण एकत्रच चरायला जातात.”

“चरायला जातात.”

मी पाच लिहिलं. तिनं पाहिलं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. मग मीच सांगितलं, “काकी, कुणी विचारलं तर पाच म्हणायचं. नाहीतर मंजूर होणार नाही.”

तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. “तीन जनावरांवर चालंल ना?”

“चालेल,” मी म्हणालो. “शेण जरा जपून गोळा करायचं.”

वहीत लिहिलेलं सगळं मला तेव्हा लख्ख आठवत होतं.

खड्डा तिनं आणि जावेनं मिळून खणला. गडी एकच मिळाला, तोही आठ दिवसांत कंटाळून गेला. वरची हातभर माती निघाली की खाली जांभा लागायचा. पहारीनं फोडायचा, टोपलीत भरायचा, दोरीनं वर ओढायचा. दोघी सकाळची कामं उरकून खड्ड्यात उतरत आणि तिन्हीसांजेला लाल धुळीनं माखून वर येत. मी आठवड्यातून दोनदा जायचो, खड्ड्याची खोली मोजायचो आणि “आणखी हातभर” असं सांगून निघायचो. एकदा मी पहार हातात घेतली होती. पाचदहा घाव घातले, तळहाताला फोड आला. काकी खालून म्हणाली, “ऱ्हावंद्या भाऊ, तुमचे हात लिवायचे हायत.”

नवऱ्यानं मुंबईहून पैसे पाठवले, चिरा आला, गवंडी आला. टाकी रत्नागिरीहून ट्रकनं पालीमार्गे आली ती आमच्या गावच्या फाट्यापर्यंतच. तिथून वाडीतल्या सहा-सात जणांनी ती वाशांवर बांधून, खांद्यावरून पायवाटेनं वर आणली. वाडीतली सगळी माणसं पाहायला जमली होती. काकीनं सगळ्यांना चहा दिला, चुलीवरचा. “पुढचा च्या गॅसवर,” ती म्हणाली.

पहिल्यांदा खड्डा भरायला डोंगराएवढं शेण लागतं. ते सगळ्या वाडीनं दिलं. घरटी शेणानं भरलेले हारे येत होते. बायका चेष्टा करत होत्या, पण शेण आणत होत्या. त्यामुळे पहिला गॅस भरपूर झाला आणि टाकी चांगली कमरेएवढी वर चढली. मार्च संपायला दहा-बारा दिवस होते. देवरूखहून आमचे विस्तार अधिकारी आले, गावचे सरपंच आले, नारळ फुटला. काकीनं नवी शेगडी पुसून पुसून लखलखीत केली होती. तिनं कॉक फिरवला, जावेनं काडी लावली आणि निळी ज्योत फुरफुरत उभी राहिली.

काकी खाली वाकली, चेहरा ज्योतीच्या अगदी जवळ नेला. “धूरच नाय गे!” ती जावेला म्हणाली. मग तिथेच बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. फोटो काढायला आणलेल्या माणसाला तिला तीनदा “इकडे बघा” म्हणावं लागलं.

तो दिवस आठवला की मला अजूनही बरं वाटतं. त्याचीच लाज जास्त वाटते. मला खरोखर आनंद झाला होता, आणि त्याच आनंदात मी “संयंत्र चालू, समाधानकारक” असा दाखला लिहिला. चार झाली होती.

एप्रिलच्या शेवटाला टाकी बसू लागली.

वाडीनं दिलेलं शेण एकदाच दिलेलं. आता रोजचं तिचं तिला घालायचं होतं, आणि तिच्या तीन जनावरांचं शेण रात्रभराचं काय ते गोठ्यात मिळायचं. पहिल्यांदा दोन वेळचा स्वयंपाक होत होता, मग एक वेळचा, मग नुसता भात शिजायचा, मग चहा. काकी हार मानणारी नव्हती. ती गुरांमागून टोपली घेऊन सड्यावर जाऊ लागली. मे महिन्याचं ऊन, खाली तापलेला कातळ. गुरं फिरतील तिकडे फिरायची, पडेल ते शेण उचलायची. मी एकदा सड्यावरून शेजारच्या गावी चाललो होतो. लांबून कुणीतरी वाकलेलं दिसलं. जवळ गेलो तर ती. डोक्यावर पदर, पायात काही नाही, टोपली जेमतेम अर्धी.

“भाऊ,” ती म्हणाली, “जनावरा तीन हायत. शान पाचाचा कुठना आनू?”

मी म्हणालो, “सुरुवातीला असंच होतं, काकी. बसेल जम.”

“तुमी सांगितलाव तीनावर चालंल म्हणून इचारतेय.”

“चालेल.” आणि मग मी आवाज खाली करून म्हणालो, “फक्त तीनाचं कुठे बोलू नका.”

भोवताली मैलभर माणूस नव्हतं. तरी मी आवाज खाली केला होता.

आमच्याकडे मे महिन्यात भाताच्या राबासाठी शेणी आणि कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, जाळून जमीन भाजतात. त्यावर पावसात लावणीच्या रोपांचा तरवा चांगला येतो. त्या वर्षी काकीचं सगळं शेण टाकीत गेलं, शेणी थापायला उरल्याच नाहीत. तिनं नुसती पाला-काटकी जाळली. जूनमध्ये सगळ्यांचा तरवा हिरवागार उभा राहिला आणि तिचा पिवळा, विरळ. जावेनं आपल्यातला थोडा तरवा दिला म्हणून तिचं निम्मं खाचर तरी लागलं. वाडीतल्या बायका तिला ‘गॅसवाली’ म्हणू लागल्या होत्या. श्रावण येईपर्यंत टाकी पार खाली बसली आणि तिच्यावर पावसाचं पाणी साचून राहिलं. काकीनं चूल पुन्हा पेटवली. मी वरच्या वाडीत जायचं कमी केलं.

त्याच पावसाळ्यात मला मुलगी झाली. बदलीच्या अर्जावर शिफारस झाल्याचंही कळलं. दिवाळीनंतर हुकूम निघेल, असं विस्तार अधिकारी म्हणाले.

दिवाळीनंतर आली ती जीप. रत्नागिरीहून एक वरिष्ठ अधिकारी संयंत्रांची पाहणी करायला आले होते. ते देशावरचे, वयस्क, मृदू बोलणारे गृहस्थ होते. खालची तीन संयंत्रं पाहून ते खूश झाले. मग म्हणाले, “चौथं?”

चौथ्याकडे जाताना पायवाट चढावी लागते. मी पुढे, मागे ते आणि आमचे विस्तार अधिकारी. टाकी बसलेली लांबूनच दिसत होती. काकी खळ्यात भात वाळवत होती. तिनं आम्हाला पाहून पदर सावरला, आत जाऊन घोंगडी आणून ओटीवर अंथरली.

साहेब बसले नाहीत. टाकीभोवती फिरले, शेण कालवायच्या कुंडीत पाहिलं. कुंडी कोरडी होती.

“बाई, गॅस येत नाही?”

“नाय, सायब.”

“कधीपासून?”

“पावसापासना.”

साहेबांनी हातातला कागद पाहिला. तो माझ्या हस्ताक्षरातला फॉर्म होता. “जनावरं किती आहेत तुमच्याकडे?”

काकीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे बैल आणि गाय त्या दिवशी मळणीसाठी गोठ्यातच होती. जावेची गुरं त्या वेळी चरायला गेली होती. तीन जनावरं समोर दिसत होती. मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलंही नाही. मी नुसता उभा होतो.

“पाच,” काकी म्हणाली. “दोन सड्यावर गेलीत.”

माझ्यासाठी ती खोटं बोलली. तिला त्यात काही मिळायचं नव्हतं. मी एकदा सांगितलं होतं आणि तिनं ते पाळलं, एवढंच.

साहेब गोंधळले. “पाच जनावरांवर हे उत्तम चालायला हवं. बांधकाम चांगलं आहे, टाकी गळत नाही. मग बंद का?” त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय हो ग्रामसेवक, कारण काय?”

त्या वेळी मी काय काय बोलू शकलो असतो याची मी पुढे अनेकदा उजळणी केली आहे. थंडी म्हणता आलं असतं. पावसाचं पाणी शिरलं म्हणता आलं असतं. खरंही सांगता आलं असतं. पण तोंडाला आलं ते असं:

“साहेब, शेण घालत नाहीत. मी किती वेळा येऊन सांगितलं. लक्षच देत नाहीत.”

विस्तार अधिकारी लगेच म्हणाले, “हेच आहे बघा. अनुदान मिळालं की झालं यांचं.”

काकी तिथे तीन हातांवर उभी होती. हातात भात पसरायचं फावडं. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. समोरचा माणूस कोणत्या तरी दुसऱ्याच भाषेत बोलतोय असं तिनं माझ्याकडे पाहिलं. साहेब तिला समजुतीनं म्हणाले, “बाई, सरकार तुमच्यासाठी एवढं करतंय. थोडे कष्ट तुम्हीही घ्या.”

“व्हय, सायब,” ती म्हणाली. “च्या ठेवू?”

साहेबांनी वेळ नाही म्हणून सांगितलं. आम्ही खाली उतरलो.

जीपमध्ये मी मागे बसलो होतो. गाडी चालू झाल्यावर साहेब पुढून बोलू लागले, सहज गप्पा मारल्यासारखे. दुसऱ्या तालुक्यात बरीच संयंत्रं बंद आढळली, म्हणाले. तिथल्या ग्रामसेवकांनी स्वतःच सांगितलं, जनावरं कमी होती, उद्दिष्टासाठी जास्त दाखवली. “मी तेच लिहून वर पाठवलं. माणसांना कशाला मारायचं? चूक वरचीही आहे. कोकणात गुरं कशी असतात ते न पाहता आकडे पाठवले.”

मी ऐकत होतो. पुढच्या बाकड्यावर ते, मागे मी, मध्ये हातभर अंतर. “साहेब, जरा थांबा” एवढे तीन शब्द पुरे होते. जीप सड्याच्या वळणाला आली, वळली, आणि खालचा रस्ता लागला. मी बोललो नाही. कारण आता नुसतं पाचाचं खोटं उरलं नव्हतं. मघाशी जे बोललो होतो तेही सांगावं लागलं असतं.

महिन्याभरानं बंद संयंत्रांची यादी टंकलिखित होऊन आली. गावागावांच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लावायची होती, म्हणजे लोकांना जाग येईल. आमच्या गावापुढे एकच नाव, आणि कारणाच्या रकान्यात ‘लाभार्थीची अनास्था’. तो कागद मीच खळ लावून फलकावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी काकी रेशनच्या रांगेतून येताना कचेरीत डोकावली.

“भाऊ, त्या कागदावर माजा नाव हाय म्हणतात. नावाम्होरं काय लिवलाय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “नुसती यादी आहे. संयंत्रं कुणाकुणाकडे आहेत त्याची.”

“बरा,” म्हणून ती गेली. तिच्या जावेला मात्र वाचता येत होतं.

शिमग्याला काकीचा नवरा आला. माझा बदलीचा हुकूम तोवर हातात पडला होता, सामान बांधणं चालू होतं. तो कचेरीच्या पायरीशी उभा राहिला, आत आला नाही. बारीक अंगाचा, मितभाषी माणूस, बोटांना छापखान्याच्या शाईचे डाग.

“अनास्था म्हंजे काय वो?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “ते सरकारी शब्द असतात. त्याला काही अर्थ नसतो.”

“आमच्याकडं सगळेच शब्द छापायला येतात. म्हणून भावजयनं ह्यो पत्रात लिवलान तवा मी छापखान्यातल्या मास्तरला इचारला. तो बोलला, अनास्था म्हंजे पर्वा नसणा.” तो थांबला. “तिनं खड्डा खणलान तेव्हा तिच्या हातांची सालटा निघाली व्हती. मना गेल्या शिमग्याला आलो तवा दाखवलान, हसत. तिला पर्वा नाय?”

मी खाली मान घालून दोरीची गाठ मारत होतो. ती बसेना. मी मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती.

गुहागरला मी सुखात होतो. हेही खरंच सांगायला हवं. आईच्या शेवटच्या दिवसांत मी जवळ होतो, मुलगी अंगाखांद्यावर वाढली. बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण कुठेही गोबरगॅसची टाकी दिसली की माझी नजर आधी ती किती वर आहे तिकडे जायची. नव्या गावात कुणी माझ्याकडे संयंत्र मागायला आलं तर मी स्वतः गोठ्यात जाऊन जनावरं मोजायचो, दोनदा. त्यामुळे पुढे माझं उद्दिष्ट कधीच पुरं झालं नाही, आणि बैठकीत मी बोलणी खायचो. त्यात मला एक प्रकारचं समाधान वाटायचं. पण त्या समाधानाचा काकीला काय उपयोग?

दशक संपत आलं होतं तेव्हा एकदा कामासाठी देवरूखला जाणं झालं. काम दुपारीच संपलं. मी घरून पिशवीत नारळ आणि सुपारी नेली होती, म्हणजे मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. आमच्या जुन्या गावच्या फाट्यावर उतरलो आणि पायवाट चढलो.

काकी ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. केस पिकले होते. तिनं मला लगेच ओळखलं, पाणी आणून दिलं. टाकी जागेवर नव्हती. गंज खाऊन चाळण झाली तेव्हा भंगारवाल्याला दिली, म्हणाली. खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून तो दगडमातीनं बुजवून टाकला होता.

मी पाणी प्यायलो आणि मग बोललो. पाच जनावरांचं, साहेबांपुढे बोललो ते, यादीतल्या शब्दाचं. सगळं सांगितलं. ती सूप पाखडत ऐकत होती.

“म्हाईत हाय मना,” ती म्हणाली. “जावंनं वाचून दावलान.” मग सूप खाली ठेवलं. “त्या दिशी तुमी बोललाव ना, तवा मना वाटला, घाबरलाय प्वार. सायबापुढं बोलून गेला. आता खाली जाईल नि सायबाला खरा सांगंल. म्हणून मी हितना बघत व्हते. जीप सड्याच्या वळणापत्तूर दिसते. वळंपत्तूर उभी व्हते मी.”

मी म्हणालो, “काकी, माझं चुकलं. मला माफ करा.”

“मना सांगून काय उपेग? मना सगळा ठावंच व्हता.” ती उठली, पदर खोचला. “वाडीत सांगा. मना पर्वा नाय आसा वाडी बोलली. चला.”

मला वाटलं, ती रागात बोलतेय. पण ती खळं उतरून पुढे निघालीसुद्धा. मी मागोमाग गेलो.

पहिलं घर जावेचं. तिथे मी सांगितलं, जाऊ आत निघून गेली. दुसऱ्या घरात एक म्हातारा होता, त्याला ऐकू कमी येत होतं. काकीनं मला दोनदा मोठ्यानं सांगायला लावलं. “माझी चूक होती. काकींकडे तीनच जनावरं होती. मी पाच लिहिली. त्या रोज शेण घालत होत्या. मी खोटं बोललो.” माझाच आवाज मला परका वाटत होता. तिसऱ्या घरात कुणी नव्हतं. चौथ्या घरात दोघीतिघी बायका मिरच्या खुडत बसल्या होत्या. एक तरुण सून म्हणाली, “कसला गोबरगॅस?” तिला तो माहीतच नव्हता, नंतर लग्न होऊन आलेली. दुसरी म्हणाली, “जाऊंद्या वो सायब, किती जुनी गोष्ट. बसा, च्या घेवा.” तिसरी हसली. काकी मात्र हसली नाही. ती दारात उभी राहून मी प्रत्येक शब्द बोलतोय ना ते पाहत होती. बाकीच्यांना त्याचं काही राहिलं नव्हतं. तिला राहिलं होतं.

अजून दोन घरं उरली होती, वाडीच्या टोकाची. मी घड्याळ पाहिलं.

“काकी, शेवटची गाडी आहे देवरूखची. चुकेल.”

तिनं त्या दोन घरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “जावा,” म्हणाली.

सरकारी कागदावरचं ते नाव आणि त्यापुढचा शब्द मी बदलून घेतला नाही. त्यासाठी लेखी द्यावं लागलं असतं, चौकशी लागली असती, आणि माझी नोकरीची बरीच वर्षं शिल्लक होती. निवृत्त झालो तेव्हा माझ्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता. सत्काराच्या भाषणात एक जण म्हणाला, यांनी त्या काळी आडगावात गोबरगॅस पोचवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

काकी ‘जावा’ म्हणाली त्या दिवशी मी भराभर पायवाट उतरून फाट्यावर आलो. गाडी आली नव्हती. आणखी अर्धा तास आली नाही. फाट्यावरून वरची वाडी दिसते, टोकाची दोन्ही घरं दिसतात. एका घराच्या अंगणात कुणीतरी गवत रचत होतं. मी पिशवी पायाशी ठेवून गाडीच्या बाजूला तोंड करून उभा राहिलो.